एकच लेन्स घ्यायची तर कुठली?

परवा भाचीचा फोन आला. "मामा, सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय, निकॉनचा डी५३००, सोबत १८-५५ ची किट लेन्स आहे, आता अजून एकच घ्यायची तर कुठली घेऊ?" (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणारी, आणि १८-५५ हे तिच्या झूमचे एमएम: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ.) एका वाक्यात सांगता आलं असतं पण मी पाऊण तास पीळ मारला, तोच आता तुम्हालाही मारतोय.

आधी माझी फजिती ऐका. माझ्याकडेही हीच बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, होती आणि सगळे म्हणतात म्हणून मी ५० एमएम एफ १.८ शोधत होतो (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, प्रकाश जास्त घेते), एका दुकानात जुनी 'डी' वाली स्वस्तात मिळाली. "बसते ना याला?" विचारलं तर दुकानदार म्हणाला "बसते की साहेब". बसली. घरी येऊन शटर अर्धं दाबलं तर हूं नाही की चूं नाही, कारण 'डी' वाल्या लेन्सच्या आत फोकसची मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरने फिरते आणि डी५३०० मध्ये ती मोटरच नाही. म्हणजे फोकस हाताने. चूक माझीच, मी "बसते का" विचारलं, "ऑटोफोकस होतो का" नाही विचारलं.

तरी गणपतीत वापरली. आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन माणसं आली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. आई ओट्यापाशी मोदकाला कळ्या पाडत होती, मी मागे मागे सरकत फ्रीजला टेकलो तरी फ्रेममध्ये नुसता हात आणि अर्धा मोदक. डी५३०० सारख्या लहान म्हणजे क्रॉप सेन्सरवर ५० ची लेन्स फुल फ्रेमवरच्या, म्हणजे फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या, ७५ सारखी दिसते (निकॉनचा हिशोब दीडपट, कॅननचा १.६), पोर्ट्रेटला झकास पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पाठीमागे भिंत येते त्याचं काय!

मग ३५ एमएम एफ १.८ जी डीएक्स घेतली (डीएक्स म्हणजे निकॉनच्या क्रॉप सेन्सरसाठीची). २००९ ची लेन्स आहे, वजन २०० ग्रॅम, आत स्वतःची मोटर, आणि दीडपट केलं की साधारण ५२, म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स जे दाखवायची जवळपास तेच. किट लेन्स ३५ वर साधारण एफ ४.५ पर्यंतच उघडते, १.८ ला त्याच्या सहापट प्रकाश येतो, म्हणजे ट्यूबलाइटखाली जिथे शटर १/१० सेकंदाला अडकायचं तिथे १/६० मिळतं आणि आईच्या बोटांचा फराटा न होता कळी, बोटाला लागलेलं तूप, सगळं स्वच्छ येतं. कॅननवाल्यांनी २४ एमएम एफ २.८ ची चपटी पॅनकेक बघा, १२५ ग्रॅम, जेमतेम २३ मिमी जाड, फक्त प्रकाश थोडा कमी घेते.

"पण मामा, १८-१४० घेतली की सगळंच येतं ना?" येतं, आणि ट्रेकला मी तीच नेतो, कारण कोकणकड्यावर त्या वाऱ्यात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ मागवून घेणं. पण जवळपास अर्धा किलोची ती, १४० ला एफ ५.६, संध्याकाळी घरात काही कामाची नाही. भिगवणला फ्लेमिंगो काढायचे तर १४० पण पुरत नाही, ३०० तरी लागते, पण वर्षातून एकदा जाणार आणि त्यासाठी विकत घेणार? भाड्याने मिळते की.

मला विचाराल तर रिव्ह्यू बघण्याआधी स्वतःचेच जुने फोटो उघडा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) फिल्टरला फोकल लेन्थ, म्हणजे हेच एमएम, लावली की कुठल्या एमएमला किती फोटो काढलेत ते दिसतं. माझे घरातले बहुतेक २८ ते ३५ च्या मध्ये निघाले, डोंगरातले सरळ १८ ला. हे आधी बघितलं असतं तर ५० च्या भानगडीत पडलोच नसतो.

आणि जुनी घेणार असाल तर दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च आतून मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ते फंगस म्हणजे बुरशी, कितीही स्वस्त असली तरी उठायचं. कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

भाचीला म्हटलं, लगेच काही घेऊ नकोस, किट लेन्सचं झूम ३५ वर ठेव, वरून सेलोटेप लाव आणि पंधरा दिवस तशीच फिर, अडलं नाही तर ३५ घे. काल तिने चाळीस फोटो पाठवले. सगळे १८ ला काढलेले. टेप कुठाय विचारलं तर म्हणे आजीला पंचांगाला लावायला हवी होती.