निघून गेलेल्यांचा पत्ता

लंडनमध्ये मी शहरी भूगोल शिकवते म्हटलं की घरच्यांना वाटतं, नद्या आणि डोंगर. माझ्या कामात नदी एकच, टेम्स. तीही काठच्या घरांचे भाव कुठे पोचले एवढ्यापुरती. माझा विषय जेंट्रिफिकेशन: कामगार वस्तीत बऱ्यापैकी पैसेवाले राहायला येतात, भाडी चढतात आणि आधीची माणसं हळूहळू दिसेनाशी होतात.

हा विषय लंडनचाच. जर्मनीत जन्मलेल्या रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये इथल्या वस्त्यांमधला हा बदल टिपला आणि त्याला हे नाव दिलं. पुढे 1979 मध्ये नील स्मिथ या स्कॉटिश भूगोलतज्ज्ञानं पैशाचं गणित मांडलं. जागेचं आज मिळणारं भाडं आणि तिचा सर्वांत किफायतशीर वापर केल्यावर मिळू शकणारं भाडं यांतलं अंतर पुरेसं वाढलं, की भांडवल तिकडे धावतं. उलट डेव्हिड ले यांच्यासारख्या भूगोलतज्ज्ञांचा भर नव्या मध्यमवर्गाच्या आवडीनिवडींवर. मी वर्गात दोन्ही बाजू शिकवते, पण माझा कल लपवत नाही. आवड कितीही असो, अख्खी वसाहत पाडायला आधी कुणीतरी पैसा ओतावा लागतो.

लंडनच्याच एलिफंट अँड कॅसल भागाजवळची हेगेट इस्टेट घ्या. 1974 मध्ये पूर्ण झालेली, हजाराहून जास्त घरांची कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, भाड्याची वसाहत 2014 पर्यंत जमीनदोस्त झाली. तिच्या जागी अडीच हजारांच्या आसपास नवी घरं उभी राहायची होती, पण मूळ मंजूर आराखड्यात सामाजिक भाड्याची, म्हणजे बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी भाड्याची, घरं शंभरसुद्धा नव्हती. काही भाडेकरूंनी 1980 च्या कायद्यानं मिळालेल्या हक्कातून आपलं कौन्सिलचं घर विकत घेतलं होतं. त्यांना मिळालेल्या भरपाईत त्याच भागात दुसरं घर येईना. अनेकजण शहराच्या कडेला गेले, काही शहराबाहेर.

आता हे मोजायचं कसं? इथे आमच्या धंद्याची खरी गोची आहे. जनगणना आज तिथे कोण राहतं ते सांगते, कोण राहत होतं ते नाही. 2011 आणि 2021 चे आकडे शेजारी ठेवले तर पदवीधर वाढलेले दिसतात. पण तीच माणसं शिकली, की जुनी जाऊन नवी आली? भूगोलतज्ज्ञ ख्रिस हॅमनेट यांचं म्हणणं असं, की लंडनमधला कामगारवर्गच आटला आणि त्याची जागा शिकलेल्या, पांढरपेशा व्यावसायिकांनी घेतली. याला सरसकट हुसकावणी म्हणू नये. मुद्दा टाळण्यासारखा नाही. पण शहर नियोजनाचे अभ्यासक पीटर मार्क्यूस यांनी 1985 मध्येच दाखवलं होतं, की हुसकावणी नेहमी नोटीस घेऊन येत नाही. शेजारी गेले, ओळखीची दुकानं बंद झाली, म्हणून माणूस स्वतःच निघतो. आणि ज्या कुटुंबाला त्या भागात घर परवडलंच नाही, ते तर कुठल्याच यादीत येत नाही.

म्हणून आम्ही माणसं शोधत फिरतो. एकाला भेटलं की तो जुन्या शेजाऱ्याचा नंबर देतो, तो पुढच्याचा. पण या पद्धतीत जुने धागे टिकवलेलेच सापडतात. ज्यांचं सगळं तुटलं, ते आमच्या नमुन्यातूनही गळतात. निबंध तपासणारे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

नोकरीचं म्हणाल तर पीएचडीनंतर दोन-तीन वर्षांचे करार, मग पुढचं विद्यापीठ, पुढचं शहर. दहा वर्षांनी त्याच लोकांना परत भेटायला हवं असतं, पण तोवर निधी संपलेला असतो. त्यात आम्ही शिकलेले आणि खिशात पैसे कमी असलेले, त्यामुळे स्वस्त वस्तीत सगळ्यात आधी खोली शोधायला येणारे आम्हीच.

सध्या डोक्यात एक कायदा घोळतोय. इंग्लंडमध्ये 1988 च्या कायद्यातलं कलम 21 घरमालकाला कारण न देता खासगी भाडेकरूला बाहेर काढू देत असे. ते रद्द करणारा कायदा 2025 मध्ये झाला. आता भाडं वर्षातून एकदाच वाढवता येईल आणि भाडेकरू त्याविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जाऊ शकेल. पण किती भाडेकरू खरंच जातील आणि किती मुकाट्यानं सामान बांधतील? सामान बांधणारे पुन्हा कुठल्याच नोंदीत नसतील. निधीच्या अर्जात यावर परिच्छेद लिहिलाय. सहकारी म्हणतात, अजून फार लांब आहे, काप.