कणेरीचा लोहार

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहून द्यावी, असा निरोप आला, तेव्हा मला सर्वांत आधी कणेरीचा लोहार आठवला.

डिसेंबर २००९ मध्ये, आम्ही आठवीत असताना, चित्रकलेच्या सरांनी करवीर तालुक्यातील कणेरीला एक दिवसाची सहल काढली होती. गडहिंग्लजहून निघालेली एसटी निपाणी, कागल मागे टाकून गोकुळ शिरगावजवळ महामार्ग सोडून वळली आणि आम्ही काडसिद्धेश्वर मठाच्या परिसरातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालयात पोहोचलो. गुहेतील चरक, सुश्रुत, कणाद आदी ऋषींचे पुतळे आम्ही घाईनेच पाहिले. बाहेर मात्र उघड्या आभाळाखाली अख्खे जुने गाव वसवलेले होते. शेतकरी आणि कुंभार, सुतार, परीट असे सारे बलुतेदार आपापल्या कामात गुंतलेले, माणसाच्या उंचीचे आणि सिमेंटचे.

प्रत्येकाने कोणत्याही एका शिल्पासमोर अर्धा तास बसावे आणि चेहरा न काढता केवळ हात काढावेत, अशी सरांची अट होती. माझ्या वडिलांचा गावात भाता होता, म्हणून मी लोहारासमोर बसलो. घरी रोज डोळ्यांसमोर असलेली मूठ, मनगट आणि कोपर यांचे नाते मला त्या दिवशी प्रथम उमगले, आणि आजही मला ती अट कलाशिक्षणातील उत्तम पाठ वाटते.

सिमेंटचा हात अधांतरी कसा राहतो, असे मी विचारल्यावर सरांनी सांगितले, की अशा शिल्पात आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारतात, त्यावर जाळी बांधून सिमेंटचे थर चढवतात आणि ते पक्के होईपर्यंत पाणी मारतात. दाब सिमेंट सोसते, ताण सळई सोसते. पुढे मी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, साच्यासाठी लागणारे नमुने (पॅटर्न) करण्याच्या कामाला लागलो, त्याचे बीज मी या उत्तरात मानतो.

नोकरी लागल्यावर वडिलांना त्या संग्रहालयात घेऊन गेलो. ते लोहाराच्या ऐरणीपाशी बराच वेळ उभे राहिले, त्याच्या खांद्यापासून मुठीपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, “ह्याचा ठोका बरोबर बसंल.”