एकेचाळीस किलोंचा राजा

चोपड्यात आमचं पशुखाद्य आणि जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. गल्ला भरतो तो सरकीच्या ढेपेवर, मक्याच्या भरड्यावर आणि गोचिडाच्या औषधावर. कुत्र्यांचं सामान अलीकडचं. केळीला भाव लागला की पोरं जळगावहून, नाशिकहून लॅब्रॅडोर आणतात, सहा महिने मोबाइलवर फोटो टाकतात आणि मग तो कुत्रा घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात पडतो. राजा असाच आबांच्या गळ्यात पडला.

आबा एसटीत कंडक्टर होते. त्यांची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाली तुटपुंजी, ती किती असेल हे खात्यातल्या माणसाला सांगायला नको. ते रिक्षातून कुत्रा घेऊन आले आणि चिठ्ठी काउंटरवर ठेवून म्हणाले, "भाऊ, याले उठता येस नही. सगळं दे, पण सस्तातलं दे."

एक्स-रे जळगावला झाला होता. खुब्याची वाटी उथळ, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, कडेला हाड वाढलेलं. हा दोष बराचसा आई-बापाकडून येतो, लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये जास्त. चिठ्ठीत दुखण्याची गोळी होती, तिला मी हात लावला नाही. ते डॉक्टरांचं काम. पण तिच्याखाली सांध्यांसाठी म्हणून ग्लुकोसामाईन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या आणि शिंपल्यांची पावडर, फिश ऑइल, कॅल्शियम, लिव्हर टॉनिक आणि मल्टिव्हिटामिन. महिन्याची बेरीज केली तर पेन्शन तिथंच संपत होती. डॉक्टर लोकांना एक विनंती आहे: चिठ्ठी लिहिताना एकदा माणसाच्या चपलेकडे बघत जा.

राजाला मी ढेपेची पोती मोजायच्या काट्यावर घेतलं. ४१ किलो. त्याच्या हाडापेऱ्याचा कुत्रा ३० च्या आसपास हवा. बरगड्या हाताला लागेनात, वरून बघितलं तर कंबर नावाला नाही. चिठ्ठीवर वजन कुठंच लिहिलेलं नव्हतं.

आता डब्यांचं सांगतो, कारण लोक इथंच फसतात. डब्यावर पुढं ठळक लिहिलेलं असतं, "फिश ऑइल १००० मिलीग्रॅम". ते नुसतं तेलाचं वजन. कामाचे असतात त्यातले ईपीए आणि डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातलं ओमेगा-३, ते मागं बारीक अक्षरात. साध्या कॅप्सूलमध्ये १८० आणि १२०, म्हणजे सगळे मिळून ३००. तीस किलोच्या कुत्र्याला किलोमागं ७५ ते १०० मिलीग्रॅम धरले तरी रोज सात-आठ ते दहा कॅप्सूल लागतात. दोन कॅप्सूल घालून "काही फरक पडला नाही" म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. म्हणून डब्याची किंमत बघू नका, एक हजार मिलीग्रॅम ईपीए-डीएचए कितीला पडतं ते काढा. अशा हिशेबात पुष्कळदा महाग दिसणारी, पण ईपीए-डीएचए जास्त असलेली कॅप्सूल स्वस्त पडते. कॉड लिव्हर ऑइल मात्र त्याच्या जागी चालत नाही, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त असतं. जवसही नाही. आपल्याकडे घरोघरी जवसाची चटणी असते, म्हणून लोक हमखास विचारतात. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळं, कुत्र्याचं शरीर त्यातून ईपीए फार थोडं बनवतं. आणि बाजारातले खारवलेले सुके मासे तर मिठानं भरलेले.

ग्लुकोसामाईनबद्दल कंपनीचा माणूस 'दहावर दोन फ्री' सांगतो, पुरावा सांगत नाही. २०२२ साली कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या अभ्यासांचा एक मोठा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ओमेगा-३ च्या बाजूनं चांगला निकाल आला, ग्लुकोसामाईन-कॉन्ड्रॉइटिनच्या बाजूनं आला नाही. मी विकतो ते. पण ज्याच्याकडे एकाच डब्याचे पैसे आहेत, त्याला हा डबा देत नाही.

कॅल्शियमवर तर मी काटच मारली आणि डॉक्टरांना फोन केला. तेही "हो, काढा" म्हणाले, इतक्या सहज की मला रागच आला. राजा पिल्लू असताना आबांच्या नातवानं त्याला गाभण म्हशीचं कॅल्शियम पाजलं होतं, 'हाडं मजबूत व्हावीत' म्हणून. मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं की वाढणारी हाडं उलट बिघडतात. हे मी काउंटरवर सांगून थकलो.

"मग माझी गुडघ्याची गोळी अर्धी देऊ का?" आबांनी विचारलं. ती डायक्लोफिनॅक होती. कुत्र्याच्या पोटात त्यानं अल्सर होऊन रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती, म्हणून २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक बंद झालं, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत. माणसांचं मात्र घराघरांत पडलेलं असतं.

मग खाणं विचारलं. सकाळी अर्धा लिटर म्हशीचं दूध, त्यात ग्लुकोज बिस्किटं. दुपारी दोन भाकरी, रात्री दोन, वर कुणाच्या ताटातलं काही. तीस किलोच्या कुत्र्याला वजन उतरवायला दिवसाला साधारण ९०० कॅलरी पुरतात. त्यातल्या पाचशेच्या आसपास एकट्या दुधातच जात होत्या. मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं: दूध-बिस्किट बंद, भाकरी दिवसाची एक, दोन उकडलेली अंडी, वाटीभर उकडलेलं चिकन, आणि पोट भरायला भोपळा, गिलके, गाजर, बिनमिठाचं. कांदा-लसणाचं भरीत किंवा शेवभाजीचा रस्सा अजिबात नको. फिश ऑइल घ्यायचं, तेही एका कॅप्सूलपासून वाढवत, नाहीतर हगवण लागते. घरातल्या गुळगुळीत फरशीवर गोठ्यातल्या रबरी मॅटचे तुकडे. माझ्याकडे कापून उरलेले होते, ते तसेच दिले. फिरवायचं उजाडायच्या आत, आपल्या मे महिन्यात तर नक्कीच. पोहणं खुब्याला चांगलं, पण शेततळ्यात नाही. प्लास्टिकच्या कागदावरून धडधाकट कुत्र्यालाही वर येता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरच्या माई दुकानात आल्या, हातात तोच कागद. "आते काय करवानं? मुका जीव उपाशी ठेवू? तो माझ्याकडे बघत बसतो." मी त्यांना अमेरिकेतल्या लॅब्रॅडोरचा अभ्यास सांगितला. ४८ कुत्री, भावंडांच्या जोड्या, त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, दुसरी ११.२, सांधेही उशिरा झिजले. २००२ साली हे छापून आलं. माईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिकडची कुत्री कुणाकडे अशी बघत नसतील." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तरी त्यांनी केलं. भाकरी एक झाली, दूध थांबलं. राजा काट्यावर हळूहळू उतरत गेला: ३९, ३७, मग ३५. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळीचा डोस कमी केला. आता तो ओट्यावर आपला आपण चढतो.

फक्त, माईंनी मधेच समोरच्या दुकानातून शिंपल्यांची पावडर आणली होती. कमी झालेल्या भाकरीची भरपाई म्हणून असेल, मनाच्या समाधानासाठी असेल. आता गल्लीभर झालं आहे की राजा पावडरनं उठला. आबाही तेच सांगतात, आणि मला दुखवू नये म्हणून पुढं म्हणतात, "तुमच्या कागदाचाही थोडा हात आहे." माझ्याकडे लोक येतात ते 'आबांच्या कुत्र्याचा डबा' मागायला. मी तो ठेवायला लागलो. नाही ठेवला तर समोर जातात आणि भोपळ्याचं कुणी सांगत नाही. डबा देतो, पण आधी कुत्रा काट्यावर आणा म्हणतो. काही जण चिडतात. काल एक जण कुत्रा न घेताच आला होता. काट्याचं म्हटल्यावर खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "फोटो आहे ना, यात बघा."