बारा-अकरा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चर्चच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसात डबा खाताना, हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. "दर शनिवारी जेलात जाता म्हणे? खेळायला जाता की धर्म सांगायला?" आमच्या मंडळीतल्या थोरांना वाटतं की व्हॉलीबॉलमध्ये वेळ जातो, मग सुवार्ता सांगणार कधी? शेजारच्यांना वाटतं की व्हॉलीबॉल नावापुरता, आत वेगळंच काही चालत असणार. दोघांनाही मी आजवर दोन वाक्यांत वाटेला लावलं. तसं करायला नको होतं.

मी रेल्वेत आहे, नागपुरात अजनीला. नोकरी लागली ती खेळाडूंच्या कोट्यातून. वर्धा रोडने जाता-येता मध्यवर्ती कारागृहाची भिंत रोज दिसायची, आणि कित्येक वर्षं मी ती फक्त भिंत म्हणूनच पाहिली. मग आमच्या चर्चच्या तुरुंगसेवेच्या गटाला खेळ शिकवणारा कुणी हवा होता. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, घरी आले, चहा झाला, मी हो म्हटलं. देवाची हाक वगैरे त्या दिवशी मला ऐकू आली नव्हती. पाळकांना नाही म्हणवलं नाही, एवढंच खरं.

आत जाणं म्हणजे परवानगीचं पत्र, पोलीस पडताळणी, रजिस्टरवर सही, मोबाइल-पाकीट-पट्टा गेटवर जमा आणि झडती. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून आत शिरायचं. मागचं दार लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. नेटची दोरी मोजून आत जाते, मोजून बाहेर येते. बॉलमध्ये हवा भरायची सुईसुद्धा. शिटी आम्ही नेत नाही, कारण तिथे शिटी वाजली की तिचा अर्थ वेगळा होतो. पॉइंट झाला की मी हात वर करतो आणि ओरडतो.

मी खेळतो ते कच्च्या कैद्यांसोबत. शिक्षा लागलेल्यांना त्यांच्यापासून वेगळं ठेवतात, त्यांचा खेळही वेगळा. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस जेवढी माणसं होती, त्यांतल्या दर चारांमागे तिघांचा खटला अजून संपलेला नव्हता. हा आकडा मी पुढे कधीतरी वाचला. मला तो आधी कळला तो टीम बांधताना. आज सहा जण जमले तर पुढच्या शनिवारी दोघांची तारीख असते, एकाला दुसऱ्या जेलात हलवलेलं असतं. एका पोराला सेटर, म्हणजे मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा, म्हणून तयार करायला मला चार महिने लागले. बोटं इतकी मऊ की बॉल त्याच्या हातात आला हे ऐकूच यायचं नाही. एका शनिवारी गेलो तर पोट्टे गेटापर्यंत धावत आले, "सर, त्याचा जामीन झाला!" त्या दिवशी आम्ही पंचवीस-नऊने हरलो. तरी अख्खी टीम खूश होती. बाहेर इतकी वर्षं खेळलो, पण चांगला गडी गेला म्हणून टाळ्या वाजवणारी टीम मी पाहिली नव्हती.

कडेला एक काका बसतात. गुडघे गेलेत, खेळता येत नाही. डावीकडे खडे एका टीमचे, उजवीकडे दुसऱ्या टीमचे, असा ते स्कोअर ठेवतात. त्यांच्या खड्यांवर कुणी वाद घालत नाही.

आता धर्माचं. कोर्टावर मी तो विषय काढत नाही. कारण साधं आहे. बाहेर कुणाला माझं बोलणं पटलं नाही तर तो उठून जाऊ शकतो. आतल्या माणसाला ती मोकळीक नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यासमोर उभं राहून प्रवचन देणं, याला मी सुवार्ता म्हणू शकत नाही. जे ख्रिस्ती कैदी प्रार्थना मागतात त्यांच्यासोबत पाळक वेगळे बसतात. नाताळात परवानगी मिळाली तर आम्ही गाणी म्हणतो. आणि कुणी आपणहून विचारलं तर मी लपवतही नाही. प्रभू येशूवर माझा विश्वास आहे, त्याच्यामुळेच मी इथे येतो, हे मी सरळ सांगतो. पण बॉल हा गळाला लावलेला दाणा नाही. तसा तो झाला, तर ज्या दिवशी कुणी गळाला लागणार नाही त्या दिवशी मी जाणं थांबवीन.

एकदा एकाने विचारलं, "हा गेम तुमच्या धर्मातला आहे का जी, सर?" मी म्हटलं, तसा थोडा आहे. विल्यम मॉर्गन नावाच्या शिक्षकाने १८९५ साली अमेरिकेतल्या होल्योक गावी तो बसवला, तेही वाय.एम.सी.ए. मध्ये, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेत. बास्केटबॉलची धक्काबुक्की वयस्कांना झेपत नव्हती, म्हणून त्याने मध्ये नेट बांधलं, कुणी कुणाच्या अंगावर जायला नको. विचारणारा म्हणाला, "मंग पुढच्या शनिवारी कबड्डी. ते आपली आहे." पुढच्या शनिवारी आम्ही कबड्डी खेळलो.

खेळ घेऊन तुरुंगात जाणारे आम्ही काही पहिले नव्हे. अमेरिकेत बिल ग्लास हा तिकडच्या फुटबॉलचा नावाजलेला खेळाडू, १९६४ साली क्लीव्हलँड ब्राऊन्सने अजिंक्यपद जिंकलं त्या संघातला. १९७२ पासून तो इतर खेळाडूंना घेऊन तुरुंगांत जाऊ लागला. आधी खेळाची करामत दाखवायची, मग विश्वासाबद्दल बोलायचं, अशी त्याची रीत. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण त्याला पाहायला माणसं जमायची. मला पाहायला कुणी जमत नाही, मला त्यांच्यात सहावा गडी म्हणून उभं राहायचं असतं. आणि नागपूरकराला बॉलची ताकद सांगायला अमेरिका कशाला? आमच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडाशिक्षक होते. पावसात तुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं त्यांना दिसली आणि २००१ साली त्यांनी त्या पोरांचं फुटबॉल सुरू केलं.

आता जे मी सहसा सांगत नाही ते. आमच्या गटाचा एक नियम आहे, कलम विचारायचं नाही. मी कधी विचारलं नाही. पण एकदा पेपरात खटल्याची बातमी आली आणि तिच्यातलं नाव माझ्या टीममधलं होतं. आरोप काय होता ते मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो की त्यात एक लहान मुलगी होती. बातमी वाचली तेव्हा माझी मुलगी समोर बसून गृहपाठ करत होती.

त्या शनिवारी मी गेलो. खेळ सुरू होण्याआधी आम्ही सगळे हात मिळवतो. त्याच्यापाशी आलो आणि माझा हात उठला नाही. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. त्याला कळलं. आतल्या माणसांना असलं लगेच कळतं. मला लोक म्हणतात, तुम्ही ख्रिस्ती लोक क्षमा करता. पण ती क्षमा माझी नव्हतीच. ती त्या पोरीची आणि तिच्या आईबापाची. त्यांच्या वतीने मी उदार व्हायला निघालो असतो तर तो त्यांच्यावर दुसरा अन्याय झाला असता. आरोप अजून सिद्ध व्हायचा होता, हे मला ठाऊक होतं. तरी हात उठला नाही. घरी येऊन मी त्या कुटुंबासाठी प्रार्थना केली, आजही करतो. त्याच्यासाठी प्रार्थना करायला मला बरेच आठवडे लागले. पुढे त्याला दुसऱ्या जेलात हलवलं. आमचा हात मिळाला नाही तो नाहीच.

त्या काळात मी पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, प्रेषित पौलाचं त्याच्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होतो. ते बेडीतून लिहिलेलं पत्र आहे. मी सुयुद्ध केलं, धाव संपवली, असं पौल त्यात लिहितो. तुरुंगात बसून मैदानाची भाषा! पण मला धरून ठेवलं ते त्याच पत्रातल्या लहानसहान गोष्टींनी. अनेसिफर नावाच्या माणसाला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, रोममध्ये त्याने मला शोधून काढलं, असं तो सांगतो. त्रोवसात राहिलेला माझा झगा घेऊन ये. पुस्तकं आण. हिवाळ्यापूर्वी ये. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातही प्रभू म्हणतो ते इतकंच, मी तुरुंगात होतो आणि तुम्ही मला भेटायला आलात. कुणाला सुधारलं, किती जण बदलले, याचा हिशेब तिथे मागितलेला नाही. मागितलंय ते येणं.

आणि तेच माझ्याकडून राहिलं. गेल्या वर्षी नोव्हेंबरात सलग तीन शनिवार चुकले. एक भाचीच्या लग्नात गेला, दुसरा ड्युटीत. तिसऱ्या शनिवारी मात्र काही कारण नव्हतं. जेवून आडवा झालो आणि उठलो नाही.

चौथ्या शनिवारी गेलो. नागपुरात थंडी पडली होती, काकांच्या अंगावर शाल होती. दोरी आमच्याकडे असल्यामुळे त्यांना नेट बांधता आलं नव्हतं, पण विटेच्या तुकड्याने कोर्टाच्या रेषा आखलेल्या होत्या. तीनही शनिवारी आखल्या म्हणे, आणि टोटल, म्हणजे कैद्यांची मोजणी, व्हायची वेळ येईपर्यंत सगळे तिथे थांबले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण कुणाला ती ऐकायची नव्हती. दोघांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि खांबाकडे गेले.

महिन्याभरापूर्वी टोटलची वेळ झाली म्हणून आमचा सेट अर्धाच राहिला होता. मी ते पार विसरून गेलो होतो. काकांनी शालीच्या टोकाची गाठ सोडली, खडे काढून डावी-उजवीकडे मांडले, मोजले आणि माझ्याकडे पाहिलं.

"बारा-अकरा, सर. सर्व्हिस तुमची आहे."