दक्षिण आफ्रिकेने सहा बॉम्ब लपवले ते कशासाठी?

24 मार्च 1993 रोजी दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांनी संसदेत सांगितलं की देशाने सहा अणुबॉम्ब बनवले होते, सातवा अर्धवट होता आणि ते सगळे मोडून टाकले आहेत. बॉम्ब होते हे आणि आता नाहीत हेही जगाला एकाच भाषणात कळलं.

पण शत्रूला पत्ताच नसेल तर त्याला धाक बसणार कसा? प्रिटोरियाने, म्हणजे राजधानीतल्या सरकारने, यावर तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. एरवी हो-नाही काहीच बोलायचं नाही. सीमेवर खरा धोका आला तर अमेरिकेसारख्या मोठ्या देशांच्या कानावर गुपचूप घालायचं. तेही मदतीला आले नाहीत तर उघड कबुली द्यायची किंवा भूमिगत चाचणी करून दाखवायची. म्हणजे बॉम्बचा रोख जितका अंगोलातल्या क्यूबन फौजेवर होता, तितकाच वॉशिंग्टनवर होता. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमाचं मर्म इथेच आहे. 1975 पासून क्यूबन सैनिक दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाला लागून असलेल्या अंगोलात उतरत होते, नोव्हेंबर 1977 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शस्त्रबंदी सक्तीची केली आणि वर्णद्वेषी राजवटीच्या पाठीशी उघडपणे उभं राहायला कोणी तयार नव्हतं. अशा सरकारने बॉम्ब आधीच मिरवला असता तर उरलेसुरले दरवाजेही बंद झाले असते.

दुसरं कारण अगदी व्यवहारी. काम सुरू झाल्यापासून बॉम्ब हाती येईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक, कारण दबावाचं निमित्त तयार असतं आणि धाक मात्र नसतो. युरेनियमचं समृद्धीकरण, म्हणजे त्यातला बॉम्बला लागणारा अंश वाढवण्याचं काम, प्रिटोरियाजवळच्या व्हालिंडाबा इथल्या कारखान्यात, छपराखाली चालायचं. चाचणीला मात्र उघड्यावर खोल विवर खणावं लागतं, यंत्रं न्यावी लागतात, माणसांची वर्दळ होते. कलहारीतल्या व्हास्ट्रॅप इथे हेच नडलं. ऑगस्ट 1977 मध्ये सोव्हिएत उपग्रहाने विवरांची जागा टिपली, मॉस्कोने अमेरिकेला कळवलं, पाठोपाठ फ्रान्सचाही इशारा आला आणि काम गुंडाळावं लागलं. ठरलेली चाचणी तर स्फोटक युरेनियमशिवायची होती; तेवढं युरेनियम तेव्हा तयारच नव्हतं. हातात बॉम्ब नसताना दबाव तेवढा सोसावा लागला. (1995 मध्ये पोखरणची तयारीही अमेरिकी उपग्रहांनीच टिपली होती आणि चाचणी मागे पडली.)

डिसेंबर 1988 च्या करारानंतर क्यूबन फौजा अंगोलातून निघाल्या, नामिबिया स्वतंत्र झाला आणि बॉम्बची गरज सरली. जुलै 1991 मध्ये देशाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली, म्हणजे आपला साठा निरीक्षकांना दाखवणं आलं. इथे गुप्ततेची किंमत दिसली. बॉम्बचे आराखडे 1993 च्या घोषणेआधीच नष्ट केलेले. मग बॉम्बमधलं सगळं युरेनियम खरोखर साठ्यात परत आलं हे सिद्ध कसं करायचं? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना व्हालिंडाबाच्या जुन्या उत्पादन-नोंदी तपासून किती युरेनियम तयार झालं असेल याचा हिशेब मांडावा लागला आणि तो साठ्याशी ताडून पाहावा लागला.