मिशीखालून शिरणारा समुद्र

नाकाखालच्या दीड बोट जागेत पुरुषाची अख्खी ऐट मावते, आणि गोव्याच्या समुद्रात स्नॉर्केलिंग करताना, म्हणजे तोंडात नळी धरून पालथं तरंगत तळ बघताना, लावायचा मास्क नेमकी तीच जागा मागतो. मास्कच्या काचेभोवती सिलिकॉनची मऊ झालर असते. बोटीवरची पोरं तिला स्कर्ट म्हणतात. ती कपाळावरून गालांवर उतरते आणि वरच्या ओठाच्या जरा वर येऊन टेकते. कातडीवर टेकली तर थेंब आत येत नाही. मिशीवर टेकली की मात्र केसाकेसाशेजारी एक बारीक पाट तयार होतो आणि त्यातून समुद्र जुन्या कौलांतून पाऊस गळावा तसा ठिबकायला लागतो. पाचेक मिनिटांत पाणी नाकाच्या खोबणीशी येतं. सवयीनं नाकानं श्वास ओढला जातो, ठसका लागतो, हात वर होतो आणि "मास्क खराब आहे" अशी तक्रार नोंदवली जाते. मास्क बदलून मिळतो. मिशी तीच राहते.

इलाज दोन आहेत. नाकाच्या लगेच खाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी तासून घ्यायची. आरशात मुद्दाम पाहिल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही. ते जिवावर येत असेल तर मिशीच्या वरच्या कडेला पेट्रोलियम जेली चांगली दाबून लावायची, म्हणजे केसांमधल्या फटी बुजतात. सिलिकॉनला एखाद्या वेळच्या जेलीनं फारसं काही होत नाही. जुन्या काळ्या रबराचा मास्क असेल तर मात्र तेलकट काही लावू नये, रबर फुगतं आणि चिकट होतं. दाढीवाल्यांनी काळजी करू नये. स्कर्ट ओठाच्या वरच थांबतो, दाढीचा त्याच्याशी संबंध येत नाही.

बायकांना यात सूट आहे असं नाही. चिकटवायची टिकली स्कर्टच्या कडेखाली आली की तिथूनही गळतं, आणि मधेच ती सुटून काचेवर जाऊन बसते. मग समोरच्या प्रत्येक माशाच्या कपाळी कुंकू दिसतं. कपाळावर आलेली एखादी बटही पुरते. अंबाडा मानेवर, खाली बांधावा. मास्कचा पट्टा डोक्याच्या मागच्या फुगवट्यावर, कानांच्या बराच वर बसायला हवा, आणि नेमका तिथेच अंबाडा असला तर पट्टा सारखा घसरतो.

मास्क बसतो की नाही हे किनाऱ्यावरच कळतं. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवायचा, नाकानं हलकेच श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. दोन-तीन सेकंद जागेवर राहिला तर तो तुमचा. पडला तर दुसरा मागायचा. पुष्कळ जण इथे मागत नाहीत, पट्टा आवळतात. जास्त आवळल्यानं स्कर्टच्या कडा दुमडतात आणि गळती वाढते. वर कपाळावर वळ उठतो तो वेगळाच. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, काड्या स्कर्टखालून जातात. नंबर उणे एक-दीडपर्यंत असेल तर चष्म्याशिवायही भागतं. पाण्यात वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर भासतात, त्यामुळे लांबचं न दिसणाऱ्याचं थोडं फावतं.

त्याच कारणानं वस्तू एक तृतीयांशानं मोठ्याही दिसतात. प्रकाश पाण्यातून काचेमागच्या हवेत येताना वळतो त्याचा हा परिणाम. म्हणून संध्याकाळी "हाऽऽ एवढा गोबरा मासा होता" असं हात पसरून कुणी सांगत असेल तर त्याला थापाड्या म्हणू नये. हातांमधल्या अंतरातून चतुर्थांश वजा करावा. उरलेल्या वाढीची जबाबदारी मात्र त्याची.

काचेवर धुकं धरतं, कारण चेहरा गरम आणि काच गार. त्यावर जगभर एकच उपाय चालतो, थुंकी. काच कोरडी असताना आतून थुंकी लावायची, बोटानं सगळीकडे फिरवायची आणि समुद्राच्या पाण्यात एकदाच बुडवून काढायची. घासून धुतली तर सगळं मुसळ केरात. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा थर असतो. तो आधी साध्या टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढला नाही तर थुंकीही हात टेकते. मास्क कपाळावर चढवून फोटो काढायची टूम आहे. कपाळाच्या घामानं काच पुन्हा धुरकटते आणि एखादी लाट मास्क घेऊन जाते. पाण्यात असताना तो डोळ्यांवर असावा, नाहीतर गळ्यात.

आता नळी. लांबी साधारण ४० सेंटिमीटर. लहान मुलांना हमखास प्रश्न पडतो की दोन मीटरची नळी का करत नाहीत, म्हणजे खाली तळाशी बसून आरामात मासे बघता येतील. प्रश्न फार चांगला आहे. एक तर पाणी छातीवर दाबतं. अर्धा मीटर खाली गेलं की फुफ्फुसं फुगवणंच जड होतं. दुसरं कारण, सोडलेला श्वास नळीत साचतो. एका साध्या श्वासात आपण सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. त्यातली दीडशे मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते. नळीत आणखी सव्वाशे-दीडशे. म्हणजे घाबरून भराभर, उथळ श्वास घेणारा माणूस बराचसा आपलाच उच्छ्वास परत ओढत असतो, त्यानं अजून गुदमरल्यासारखं होतं, मग तो अजून भराभर घेतो. खोल, संथ आणि पूर्ण सोडलेला श्वास एवढंच यातलं कौशल्य. भजनाला बसणाऱ्यांना ते लवकर जमतं, कारण ओळ संपेपर्यंत श्वास पुरवायची सवय असते. अख्खा चेहरा झाकणारे मास्क हल्ली दिसतात. त्यांच्यात ही साचलेली हवा अधिक असते आणि आत पाणी शिरलं तर ते चटकन काढताही येत नाहीत. ते टाळलेले बरे.

नळीत पाणी आलं तर काय? फुंकणीनं चूल फुंकतात तसा एक जोरदार "फू". पाणी वरून उडतं. त्यानंतरचा पहिला श्वास जिभेची टाळूशी आड करून, जपून घ्यायचा, कारण तळाशी घोटभर पाणी उरलेलं असतं. लाइफ जॅकेटचे बाजूचे पट्टे घट्ट आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तोही बांधलेला हवा. सैल जॅकेट कानापर्यंत वर सरकतं, माणूस बुचासारखा उभा तरंगतो आणि त्याचे पाय खाली खडकावर आपटतात. तिथल्या खडकांवर कालवं असतात. कालवाच्या शिंपलीची धार विळीला लाजवते.

हे सगळं ज्यासाठी, ती ग्रँड आयलंड या बेटाकडे जाणारी बोट सकाळी निघते. उत्तर गोव्यातून नेरुलचा कोको बीच किंवा सिकेरी, दक्षिणेकडून वास्कोजवळचं बायणा. बायण्याहून बेट जवळ आहे. नेरुलहून तासाभराची, कधी त्याहून जास्त वेळाची वाट. पण वाटेत आग्वाद दिसतं, मांडवीचं मुख दिसतं, काबोचं भूशिर दिसतं, झुआरीसमोर नांगर टाकून उभी असलेली मुरगावची जहाजं दिसतात, आणि नशिबात असेल तर डॉल्फिनची पाठ. आग्वाद म्हणजे पाण्याचं ठिकाण. १६१२ च्या या किल्ल्यावर पोर्तुगीज जहाजं पिण्याचं पाणी भरून घेत. बोटीत बसण्याआधी माणशी दोन लिटर पाणी घ्या एवढंच सांगायचं, तर त्यासाठी इतका मोठा किल्ला समोर उभा आहे.

गोव्याच्या समुद्रात अंदमान शोधू नये. इथलं पाणी हिरवं. पावसाळ्यात मांडवी आणि झुआरी जांभ्याची लाल माती आणून ओततात, ती ऑक्टोबरातही पुरती बसलेली नसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात चांगला. तेव्हाही चार-पाच मीटरपर्यंत दिसलं तर दिवस सोन्याचा समजावा. शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे तोंडपाठ केलेले असतात, त्यांची परीक्षा इथे होते. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद, समुद्र सपाट. दुपारी खारा वारा सुटला की पाणी चिरचिरतं, तळ ढवळतो आणि परतीच्या वाटेवर बोट आदळायला लागते. म्हणून आठची बोट साडेनवाला सुटली तर बुडालेला दीड तास दिवसातला सगळ्यात चांगला दीड तास असतो.

भरती-ओहोटीसाठी कोकणातला जुना हिशेब इथेही ढोबळमानानं लागू पडतो. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. बंदरागणिक थोडं पुढेमागे होतं, मुरगावचं कोष्टक मोबाइलवर मिळतं. मुंबईच्या मानानं गोव्याची भरती लहान, उधाणालाही चढ-उतार दोन मीटरच्या आसपास. तरी नद्यांच्या तोंडाशी फरक पडतो. ओहोटीला नदीचं गढूळ पाणी बाहेर येतं, भरतीला समुद्राचं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी आत सरकतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती नेमकी बोट पोचण्याच्या सुमारास पुरी होते, हे चांगलं. पण त्या दिवसांत ओढही जास्त, हे वाईट. अष्टमीच्या आसपास ओढ कमी, पण मध्यान्हीला पाणी उथळ आणि पोट खडकाच्या जवळ. पोहायला नवख्या माणसानं अष्टमी निवडावी. पंचांग बघून सहलीची तारीख ठरवण्याचं इतकं रास्त कारण दुसरं सापडणार नाही.

बोट लागण्याबद्दल थोडक्यात. गोळी निघायच्या निदान तासभर आधी, डॉक्टरांना विचारून. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी बहुधा समुद्रालाच मिळते. रिकाम्या पोटी जाऊ नये, मिसळ खाऊनही जाऊ नये. दोन पाव आणि एक केळं ठीक. खिशात आल्याची वडी असावी. बोटीच्या मध्यावर, डिझेलच्या धुराच्या वाऱ्यात न येता बसावं, नजर क्षितिजावर आणि मोबाइल पिशवीत. त्या प्लास्टिकच्या पिशवीत आदल्या दिवशी फोनऐवजी कागदी रुमाल घालून ती दहा मिनिटं बादलीत बुडवावी. रुमाल कोरडा निघाला तरच फोन. तिकिटात बिअर असते. ती पाण्यातून कायमचं बाहेर आल्यानंतरची, आणि मळमळीची गोळी घेतली असेल तर तेव्हाचीही नव्हे.

सात-आठ तासांच्या सहलीत प्रत्यक्ष पाण्यात राहणं बहुतेक पाऊण तासाचंच असतं. बेटाच्या आडोशाला नांगर पडतो, एकेक जण शिडीवरून उतरतो, पहिली दोन मिनिटं धडपडतो आणि मग एकदम गप्प होतो. कान पाण्याखाली जातात तेव्हा किरकिर, कुरकुर असा एक बारीक आवाज येतो. तळलेल्या पापडावर कुणी हळूच बोटं फिरवावीत तसा. खडकांच्या कपारीतल्या चिमुकल्या कोळंब्या आपला पंजा फटकन मिटतात त्याचा तो आवाज. तो बहुतेक जण ऐकतात आणि बोटीच्या इंजिनाचा समजतात.

खाली पिवळ्या पाठीचे, अंगावर पाच काळे पट्टे असलेले सार्जंट मेजर मासे दिसतात, कपारीत गोबरा, वाळूवर एखादी काकडीसारखी लोळलेली सी-कुकुंबर. कधी पिसारा फुलवून स्थिर तरंगणारा लायनफिश असतो. तो देखणा दिसतो, पण त्याच्या काट्यात विष आहे. मग बोटीवरून पावाचे तुकडे पडतात आणि सार्जंट मेजरांची पंगत बसते. फोटो छान येतात. पण शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाणाऱ्या माशाला मैद्याची चटक लावणं हे काही पाहुणचाराचं लक्षण नव्हे. गोव्याचा पाव गोव्याच्या माणसांनी कडीत, म्हणजे आमटीत, बुडवून खावा. प्रवाळांवर उभं राहू नये. मेंदूसारखा गोल दिसणारा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे मूठभर तुकड्यामागे पाच-सात वर्षं असतात. तो खिशात घालणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे.

पालथं तरंगणाऱ्या माणसाची पाठ, मान आणि गुडघ्यामागची लवण ऊन खात राहते, आणि पाणी गार असल्यानं ते कळत नाही. लांब बाह्यांचा अंगासरशी टी-शर्ट आणि गुडघ्याखाली जाणारी पँट हे कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं. क्रीम लावायचंच तर झिंक ऑक्साइडचं, निघायच्या अर्धा तास आधी, आणि कपाळावर नको. तिथलं वितळून डोळ्यांत उतरतं आणि स्कर्टही घसरवतं. ऑक्सिबेन्झोन असलेली क्रीमं प्रवाळांना बाधतात म्हणून हवाईनं १ जानेवारी २०२१ पासून त्यांची विक्रीच बंद केली.

परतताना सगळ्यांच्या चेहऱ्यावर मास्कचा लंबगोल वळ असतो. तास-दोन तासांत तो जातो. मिशीतली जेली मात्र जात नाही. समुद्राच्या पाण्यानं ती हलत नाही, हॉटेलातल्या साबणाच्या चपट्या वडीनं नुसती पसरते, आणि तोवर तिच्यावर किनाऱ्याची वाळू बसलेली असते. चमचाभर डाळीचं पीठ कोरडंच चोळावं, मग कोमट पाणी. पीठ स्वयंपाकघरात मागितल्यावर कशाला हवं म्हणून विचारतील.