सांगली फाटा

पुणे-मुंबईचं भांडण साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मधूनच नागपूरही त्यात हात धुऊन घेतं. पण कोल्हापूर आणि सांगली यांच्यातही काही धुमसतंय, हे आमचा मुलूख सोडला तर कुणाच्या गावीही नसतं. पुण्यात आम्ही बरीच वर्षं राहिलो. मी कोल्हापूरची, नवरा सांगलीचा. तसं सांगितलं की समोरचा खुशीत म्हणायचा, "म्हणजे दोघं एकाच साइडचे!" नवरा हसून हो म्हणायचा. मला तेवढंही जमायचं नाही.

मग मला इचलकरंजीच्या एका कापड-प्रोसेसमध्ये हिशेबाचं काम मिळालं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं, वीज आणि नेट असलं की त्याला कुठलंही गाव चालतं. आता इचलकरंजी अशा जागी वसलेली आहे की तिथून कोल्हापूर आणि सांगली दोन्ही सारखीच लांब, एस.टी.नं तासाभराची. जिल्हा कोल्हापूर, पण एस.टी. स्टँडवर सांगलीच्या गाडीलाही तेवढीच गर्दी. म्हणजे अंतराचं कारण पुढं करायची सोय नाही. राहायचं कुठं, ते आपल्या तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्या घरचा राग ओढवून घ्यायचा.

माझ्या भावाच्या लेखी हा प्रश्नच नव्हता. "आक्का, ह्यात इचार कसला करायलीस? घर बघून ठेवू काय राजारामपुरीत?" त्याच्या मते माणूस कोल्हापूरच्या बाहेर राहतो तो केवळ नाइलाजानं. तालमीत जाणारा, पेठेच्या फुटबॉल टीमसाठी घसा बसवून घेणारा, सकाळी मिसळ आणि रात्री गंगावेशीत म्हशीचं समोर पिळलेलं धारोष्ण दूध, असं त्याचं आयुष्य. एवढं सगळं असताना कुणी हळदीच्या गावाला का जावं, हे त्याला खरंच कळत नाही. पुण्यावरही त्याचा राग आहेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, हे तो काल घडल्यासारखं सांगतो. आम्ही पुण्याला गेलो तेव्हाही त्यानं आमचं नाव त्याच यादीत घातलं असावं.

सासूबाईंची तऱ्हा वेगळी. सांगलीचा माणूस आग्रह करत नाही, नुसती माहिती देतो. "तुम्हाला आवडेल तिथं राहा हो. विश्रामबागेत एक ब्लॉक रिकामा झालाय म्हणे, शंभर फुटी रस्त्याच्या अलीकडं. मी आपलं सहज सांगितलं." दुसऱ्या दिवशी फोनवर त्या ब्लॉकचं भाडं कळलं, तिसऱ्या दिवशी मालकांचा स्वभाव.

दोन्ही घरं एकत्र जमली की जो सामना व्हायचा तो मात्र ऐकण्यासारखा. भावानं सुरुवात करायची, "दाजी, कोल्हापूरला १९७२ पासनं महानगरपालिका हाय. तुमची झाली १९९८ ला, आणि तीसुद्धा मिरज आणि कुपवाड उसनं घेऊन." (मिरजेच्या माणसाला हे ऐकवू नये. १८९४ पासून वानलेसचा दवाखाना, सतारी-तंबोऱ्यांचे कारखाने, मीरासाहेबांच्या उरुसातली अब्दुल करीम खाँसाहेबांची संगीतसभा, एवढा ऐवज पदरी असताना आपण कुणाच्या तरी नावात तिसऱ्याबरोबर दाटीवाटीनं बसलोय, हे दुःख त्याचं त्यालाच माहीत.) नवऱ्यानं शांतपणे म्हणायचं, "रेल्वे तुमच्याकडं येऊन संपते. पुण्याला जायचं तर मिरज-सांगलीवरूनच जायला लागतं." ते खरंच आहे. कोल्हापूर शेवटचं स्टेशन, गाडीला पुढं रूळ नाहीत. पण भावाचं उत्तर तयार असायचं: हायवे आमच्या दारातनं जातो, तुम्हाला पुणं गाठायचं तर आधी पेठ नाका गाठायला लागतो. आणि सांगलीला पेठ नाक्याचं नाव काढलं की माणूस गप्प होतो. त्या रस्त्यानं पिढ्यान् पिढ्यांच्या कंबरा मोडल्यात. विमानाचंही तसंच. कोल्हापूरला उजळाईवाडीहून विमानं उडतात, सांगलीच्या वाट्याला कवलापूरची नुसती धावपट्टी.

मग सांगलीकडून हुकमाचं पान यायचं. १८४३, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर. मराठी नाटक सांगलीत जन्मलं, आणि ज्या गावात एवढी गोष्ट जन्मते त्या गावाला विमानतळ नसला तरी चालतं, असा एकूण सूर. नाटकावर कोल्हापूर हरत नाही, पण थोडं अडखळतं. केशवराव भोसले नाट्यगृहाचं नाव निघतं, शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्याकडं टीव्हीवर त्या ज्वाळा दिसत होत्या आणि नवरा एक शब्द बोलला नाही. सासूबाईंचा फोन आला. त्यांनी तिथं पाहिलेली नाटकं एकेक करून सांगितली, बाकी काही नाही. त्यानंतर आमच्या घरी नाटकाचं पान कुणी फार जोरात टाकत नाही.

खेळाचं मात्र अजून चालतं. २०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला आणि ज्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही त्या सासूबाई "आमची स्मृती" म्हणून गल्लीभर साखर वाटून आल्या. भाऊ म्हणाला, "मानधनाचा जन्म मुंबईचा हाय की." सासूबाई म्हणाल्या, "जन्माचं काय घेऊन बसलास? बॅट धरायला शिकली सांगलीत." त्यावर भावानं कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आणि त्याचं पॅरिसचं कांस्य बाहेर काढलं. असं हे कितीही वेळ चालू शकतं, कारण दोन्हीकडं माल भरपूर आहे आणि कुणालाही जिंकायची घाई नाही.

खरं सांगायचं तर या वादात एकही मुद्दा राहायला घर निवडताना उपयोगी पडत नाही. १८४३ साली काय झालं त्यावरून कुणी भाडेकरार करत नाही. आणि कोल्हापुरात जे मिळतं ते सांगलीहून पन्नास किलोमीटरच्या आत आहे, सांगलीचं कोल्हापूरहून तितकंच. अंबाबाईला जायचं तर सांगलीहून सकाळी निघून दुपारी जेवायला परत. कृष्णाकाठची वांगी कोल्हापूरच्या मंडईतही येतात. नवऱ्याची इंजिनिअरिंगची डिग्री सांगलीच्या वालचंद कॉलेजची, पण तिच्यावर शिक्का कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा. हे भाऊ त्याला वर्षातून एकदा तरी ऐकवतोच. घरात दूध गोकुळचं घ्यायचं की भिलवडीच्या चितळ्यांचं, एवढाच काय तो खरा निर्णय, आणि तोही ज्या दिवशी जी पिशवी मिळेल त्यावर ठरतो. मग निवडायचं ते काय?

मला वाटतं, आपण गाव निवडत नसतो. कुठल्या गावाचा विरह पत्करायचा ते निवडत असतो. हा विरह परदेशातल्यासारखा ऐटीचा नसतो. पन्नास किलोमीटरवरच्या गावासाठी डोळ्यांत पाणी आणलं तर लोक म्हणतील, बाई, दर अर्ध्या तासाला एस.टी. आहे. आणि तरीही सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, ताजा कट असलेली मिसळ हवीशी वाटली तर ती मिळत नाही ती नाहीच. आठवणी काढण्याइतकं माहेर लांब नाही, आणि डबा पोहोचण्याइतकं जवळही नाही.

शेवटी ज्यानं निकाल दिला ते म्हणजे पाणी. जुलै लागला की आमच्या दोन्ही घरांतले फोन बदलतात. कोल्हापूरचा फोन "राजाराम बंधाऱ्याला किती?" इथून सुरू होतो, सांगलीचा "आयर्विनला किती?" इथून. पंचगंगेवरच्या बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. हे आकडे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात, किती उघडले ते भाऊ कळवतो. कोयनेतनं किती सोडलं ते सासूबाई. एरवी एकमेकांना टोमणे मारणारी ही दोन माणसं तेव्हा दिवसातून चार-चारदा बोलतात, आणि एकाही वाक्यात चढाओढ नसते. २०१९ मध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्यात गेला आणि कोल्हापूर चहूबाजूंनी तुटलं. सांगलीत मारुती चौकात होड्या फिरत होत्या. सासूबाईंचं घर गावभागात, नदीच्या अंगाला. २००५ ला पाणी आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला पुन्हा. त्या वेळी आम्ही पुण्यात बसून फोनवर "आई, निघा" म्हणत होतो आणि त्या "अजून पायरीला लागलं नाही" म्हणत माळ्यावर डबे चढवत होत्या.

कोल्हापुरात आईआबांपाशी भाऊ आहे, वहिनी आहे, अख्खी तालीम आहे. सांगलीत सासूबाई एकट्या. दर पावसाळ्यात त्यांना हलवायला जायचंच, तर हलवायची जागाच सांगलीत, उंचावर, जिन्याला कठडा असलेली असावी, एवढा साधा हिशेब मी मांडला. विश्रामबागेतला तो ब्लॉक घेतला. शंभर फुटी रस्त्याच्या अलीकडचाच. मालकांचा स्वभाव आधीच कळलेला होता.

भावानं हे मनाला लावून घेतलं. सामान लावायला आला, कपाट एकट्यानं उचललं आणि खिडकीतून बघत म्हणाला, "गाव शांत हाय." कोल्हापूरच्या माणसानं गावाला शांत म्हणणं ही दाद नव्हे.

इचलकरंजीतले सहकारी वेगळ्याच कारणानं नाराज. "मॅडम, एवढी दोन गावं तागडीत घातली, आमचं नावसुद्धा काढलं न्हाई," असं आमच्या सायझिंगवाल्यांनी, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्यांनी, तोंडावर ऐकवलं. "२०२२ पासनं आमचीबी महानगरपालिका हाय." मी पाण्याचं विचारलं. "येतंय की," ते म्हणाले. "रोज येत न्हाई, एवढंच."

सांगलीत राहायला लागल्यावर माझ्यात एक बदल झाला, तो मी निमूट बघते आहे. इथं कुणी "कोल्हापूरचे लोक जरा जोरात बोलतात" म्हणालं की मी पदर खोचून उभी राहते. खासबागेच्या कुस्ती मैदानापासून शाहू महाराजांपर्यंत सगळं काढते, त्यात कधी माझ्याही पचनी न पडलेल्या गोष्टींची तरफदारी करते. आणि कोल्हापूरला गेले, तावडे हॉटेल ओलांडून गावात शिरले, आईच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसले, की तिथं मी चोर गणपतीबद्दल बोलते. सांगलीच्या संस्थानच्या देवळात चतुर्थीच्या आधीच गणपती गुपचूप येऊन बसतात, वाजतगाजत नाही, कुणाला कळवत नाहीत. कोल्हापुरात हे कुणाला पटत नाही. वाजवायचं नसेल तर आणायचाच कशाला, असं आबांनी विचारलं. मी सांगलीची बाजू घेऊन तावातावानं बोलत होते आणि आई गॅस बारीक करत म्हणाली, "सासरची झाली बघ." सासूबाई माझ्याबद्दल शेजारी नेमकं उलटं सांगतात: माहेरचं वारं काही जात नाही.

नवऱ्याला असं काही होत नाही. तो सांगलीत सांगलीचा आणि कोल्हापुरात जावई. त्याला तिथं दोन्ही रस्से आणि उरलेला सगळा मुद्दा मान्य असतो.

भाऊ आता येतो तो नवीन काहीतरी घेऊनच येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, वकिलांनी त्यासाठी किती वर्षं आंदोलनं केली होती. त्या आठवड्यात तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या दारात. चपला काढायच्या आधी म्हणाला, "सहा जिल्ह्यांचं हाय. त्यात सांगलीबी हाय. आता दाजी, हायकोर्टाचं काम निघालं की मुकाट कोल्हापूरला यायचं."

सासूबाईंनी पेढा घेतला, अर्धा मोडून परत ठेवला. "आमच्या घरात आजवर कुणाचा दावा लागलेला नाही हो," त्या म्हणाल्या. "आणि उद्या लागलाच, तर तो कोल्हापूरच्याच माणसाशी लागेल. मग यायलाच लागेल की."